सज्ञान मुलीच्या आहारविकारात घरच्यांनी काय करावे? एका वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

आपल्या प्रश्नाचा सारांश आधी मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. आपली मुलगी २७ वर्षांची आहे, ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत नोकरी करते आणि ठाण्यात आपण दोघे, आजी आणि धाकटा भाऊ यांच्यासोबत राहते. ‘जरा वजन कमी करते’ म्हणून दीड वर्षापूर्वी सुरू झालेले प्रकरण ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळत जाण्याच्या आजाराच्या, निदानापर्यंत पोहोचले. ती एका मानसतज्ज्ञांकडे नियमित जाते, पण त्या आपल्याला आत बोलावत नाहीत आणि काही सांगतही नाहीत. आईवडिलांनी जेवणाची सूत्रे स्वतःच्या हाती घ्यायची, अशी एक उपचारपद्धती असल्याचे आपल्या वाचनात आले. ती पद्धत सज्ञान मुलीला लागू पडेल का, तिची आई वरणात तिच्या नकळत तूप घालते ते योग्य आहे का, आणि तिला न सांगता आपण दोघांनी एखाद्या फॅमिली थेरपिस्टला भेटावे का, असे आपले तीन प्रश्न आहेत. आपण तिचे वजनही कळवले होते. तो आकडा मी मुद्दाम वगळला आहे, कारण या आजाराशी झगडणाऱ्या व्यक्तीही असे लिखाण वाचतात आणि दुसऱ्याचा आकडा त्यांना लगेच तुलनेला सापडतो.

तीनही प्रश्नांच्या मुळाशी मला एकच अडचण दिसते. मुलगी आजारी आहे म्हणून तिची काळजी घेणे भाग आहे, आणि ती सज्ञान आहे म्हणून तिच्यावर हुकूम चालवता येत नाही. या दोन गोष्टी एकाच घरात, रोज रात्री साडेआठच्या जेवणाला समोरासमोर येतात. माझ्या अनुभवात यातून मार्ग निघतो तो घरच्यांना अधिकार देऊन नव्हे, तर काम देऊन. आणि ते काम कोणते, हे जिच्यासाठी करायचे तिनेच ठरवलेले असावे लागते. सज्ञान व्यक्तीच्या आहारविकारातील फॅमिली थेरपीचा, म्हणजे कुटुंबाला सोबत घेऊन केलेल्या उपचारांचा, गाभा मी एवढाच मानते. बाकीचे त्याचे तपशील आहेत, पण घराचे स्वास्थ्य त्या तपशिलांवरच टिकते किंवा ढासळते.

आपण वाचलेली पद्धत लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात आकाराला आली. जेराल्ड रसेल, ख्रिस्तोफर डेअर, आयव्हन आयस्लर आदींनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८० रुग्ण होते. रुग्णालयात वजन सुधारल्यानंतर त्यांच्यापैकी काहींना वर्षभर फॅमिली थेरपी आणि काहींना वैयक्तिक उपचार दिले गेले. ज्यांचा आजार वयाच्या १९ व्या वर्षाआधी सुरू झाला होता आणि फार मुरलेला नव्हता, त्यांना फॅमिली थेरपीचा स्पष्ट फायदा झाला. ज्यांचा आजार उशिरा सुरू झाला होता, त्यांच्यात वैयक्तिक उपचारच अधिक उपयोगी पडत असावेत, असे त्या अभ्यासातून दिसले, मात्र हा निष्कर्ष संशोधकांनी सावधपणे मांडला होता. ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही याच दिशेच्या आहेत. ॲनोरेक्सिया असलेल्या मुलांसाठी आणि किशोरवयीनांसाठी त्या फॅमिली थेरपीला पहिले स्थान देतात. प्रौढांसाठी मात्र वैयक्तिक उपचारांचे पर्याय पुढे ठेवतात आणि त्यांच्या जोडीला कुटुंबाला घेतात. तेव्हा आपल्या मुलीच्या मानसतज्ज्ञ तिला एकटीला भेटतात, यात काही चुकते आहे असे समजू नये.

त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘जशीच्या तशी नाही’ असे आहे. १४ वर्षांच्या मुलाच्या ताटात काय वाढायचे हे आईवडील ठरवतात, ते सगळे जग मान्य करते, त्यामुळे तोच अधिकार उपचारासाठी वापरता येतो. स्वतः कमावणाऱ्या, कंपनीच्या बसने ऐरोलीला जाऊन दुपारचे जेवण कँटीनमध्ये घेणाऱ्या मुलीवर तो अधिकार आपल्याकडे मुळातच नाही. तो जबरदस्तीने घेतला, तर घरात जेवण होईल आणि बाहेर टाळले जाईल. तरीही एक शक्यता मोकळी ठेवते. आजाराची सुरुवात खरोखर दीड वर्षापूर्वीची आहे की बारावीच्या वर्षातच डबा परत येऊ लागला होता, हे शांतपणे आठवून पाहावे. आजार नवा असेल आणि मुलगी स्वतःच म्हणत असेल की ‘ताटात काय घ्यायचे हे मला ठरवताच येत नाही, काही दिवस तुम्ही वाढा’, तर सज्ञान व्यक्तीही आपल्या संमतीने आणि ठरावीक मुदतीसाठी तो भार आईवडिलांवर सोपवू शकते. असे करणाऱ्या तरुणी मी पाहिल्या आहेत. मात्र दिलेली संमती परत घेण्याची मुभा त्यांना पहिल्या दिवसापासून होती.

यापुढचे सारे ज्या एका अटीवर अवलंबून आहे, ती म्हणजे शारीरिक सुरक्षितता. नाडी, उभे राहिल्यावर आणि पडून असताना घेतलेला रक्तदाब, ईसीजी, रक्तातील साखर, सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम यांवर फिजिशियनचे लक्ष असल्याशिवाय मी फॅमिली थेरपी सुरू करत नाही. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण उपाशी शरीर बराच काळ रक्तातील पातळ्या सांभाळून धरते. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधडणे, हातांचा आधार घेतल्याशिवाय उकिडवे बसून उठता न येणे, वजन झपाट्याने घसरत राहणे किंवा वारंवार उलट्या काढणे यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. दीर्घ उपासमारीनंतर घरच्यांनी प्रेमापोटी एकदम भरपूर खाऊ घातले, तर रक्तातील फॉस्फेट कोसळून हृदयाला धोका होऊ शकतो. किती आणि कोणत्या वेगाने वाढवायचे हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांनी सांगावे, घराने ठरवू नये.

आपण लिहिले आहे की पूर्वी हसरी असलेली मुलगी आता ‘तोडून बोलते’, मैत्रिणींना टाळते, आणि तरीही तासन्‌तास पाककृतींचे व्हिडिओ पाहते व रविवारी सगळ्यांसाठी केक करते. हे ढोंग आहे का, असे आपल्याला वाटले. ते ढोंग नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. त्या पुरुषांना वजनाची काडीचीही भीती नव्हती, तरी ते चिडचिडे झाले, माणसांपासून दूर गेले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले आणि त्यांच्यातले काही जण पाकशास्त्राची पुस्तके जमवू लागले. त्यांच्यापैकी अनेकांना पोटभर खायला मिळू लागल्यावरही पूर्वपदावर यायला बरेच महिने लागले. म्हणजे आज आपल्याला जो मुलीचा स्वभाव वाटतो आहे, त्यातला मोठा भाग उपासमारीचा आहे.

तिच्या आईने जो प्रश्न विचारलेला नाही, पण आपल्या पत्राच्या ओळीओळीत जो आहे, त्याचेही उत्तर देते. ‘आमच्या वागण्यामुळेच हे झाले का?’ सत्तरच्या दशकात असे मानणारा एक प्रवाह होता. अमुक प्रकारच्या गुंतलेल्या कुटुंबांतून हा आजार निपजतो, असे तेव्हा मांडले गेले. ती मांडणी टिकली नाही. आहारविकारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमिकेत, कुटुंबाला आजाराचे मुख्य कारण ठरवणाऱ्या कोणत्याही मांडणीला स्पष्ट नकार दिला आहे. घराने आजार निर्माण केला नसला, तरी आजार घराची घडी बदलतो आणि मग ती बदललेली घडी आजाराला सोयीची होऊन बसते. फॅमिली थेरपीत आम्ही त्या घडीवर काम करतो.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते सांगते. मी आधी आजारी व्यक्तीला एकटीला भेटते आणि कोणत्या विषयांवर घरच्यांसमोर बोललेले चालेल, कोणत्या विषयांवर नाही, याची यादी तिच्याकडून करून घेते. त्यानंतर आईवडिलांना वेगळे भेटते. घरात टीकेचा सूर चढलेला असेल तर या वेगळ्या बैठका मी लांबवते, कारण सगळ्यांना एकत्र बसवले की तीच टीका माझ्यासमोर होते आणि मुलगी पुन्हा येत नाही. मॉडस्लीच्याच मंडळींनी किशोरवयीन रुग्णांबाबत २००० मध्ये हेच दाखवले होते. प्रौढांच्या बाबतीत मला ते अधिकच खरे वाटते. एकत्र बैठका साधारण पंधरा दिवसांनी होतात आणि त्या वैयक्तिक उपचारांच्या जोडीने होतात. एकत्र बैठकांमुळे वैयक्तिक उपचार थांबवायचे नसतात.

या बैठकांमधून एक कागद तयार होतो. वेगवेगळ्या घरांचे तपशील एकत्र करून, ओळख पटणार नाही असा एक नमुना देते. रात्रीच्या जेवणाला आई शेजारी बसेल आणि स्वतःही त्याच वेळी जेवेल. उभी राहून वाढत राहणार नाही. ताटाकडे कोणी पाहणार नाही. आहारतज्ज्ञांनी ठरवलेले ताट मुलगी स्वतः वाढून घेईल. अर्ध्यात थांबली तर आई एकदाच म्हणेल, ‘अवघड जातंय ना? मी बसले आहे,’ आणि त्यानंतर ‘एक घास अजून’ म्हणणार नाही. कॅलरी, वजन, कपड्यांची मापे आणि शेजारच्या मुलीचे डाएट हे विषय जेवताना निघणार नाहीत. जेवणानंतरचा एक तास सर्वांत कठीण असतो, म्हणून त्या वेळी बाबा तिच्याबरोबर बसतील. या वडिलांनी मोठ्या आशेने सुचवले होते की आम्ही दोघे उपवनला तलावाभोवती एक चक्कर मारून येऊ. मुलगीच म्हणाली, ‘बाबा, ती चक्कर माझी नाही, आजाराची आहे.’ चालून खाल्लेले जिरवणे हाच तिच्या आजाराचा मोठा भाग होता. मग कॅरम ठरला. त्या एका वाक्यासाठी ती बैठक सार्थकी लागली, असे मला आजही वाटते. वडिलांच्या मनात काळजी होती, पण कोणती काळजी उपयोगी पडेल आणि कोणती अपाय करेल, ही माहिती फक्त मुलीकडे होती.

या कागदात घरच्यांनी न करायच्या गोष्टी करायच्या गोष्टींपेक्षा जास्त निघतात, हे बहुतेक कुटुंबांना आधी पटत नाही. धाकट्या भावाला त्यात पहारेकऱ्याचे काम देऊ नये. ताईने डबा खाल्ला का, बाथरूममध्ये किती वेळ होती, अशा बातम्या त्याने आणायच्या नसतात. त्याने भाऊच राहावे, तिच्याबरोबर सामना पाहावा, तिच्याशी भांडावेही. तिच्या आयुष्यात आजाराशी संबंध नसलेले एक तरी नाते उरले पाहिजे.

आपला दुसरा प्रश्न वरणातल्या तुपाचा. तिची आई असे का करते हे मला पूर्ण समजते, आणि त्या मायेला मी नावे ठेवणार नाही. तरी ते थांबवावे. ॲनोरेक्सिया झालेली व्यक्ती अन्नाचा वास, तकाकी, वाटीच्या कडेचा ओशटपणा अतिशय बारकाईने टिपते. आज ना उद्या तिला कळते, आणि त्या दिवसापासून घरात शिजलेले काहीच सुरक्षित उरत नाही. मग ती स्वतःचे वेगळे शिजवू लागते किंवा फक्त सीलबंद पाकिटातले खाते. चमचाभर तुपाच्या मोबदल्यात सबंध स्वयंपाकघरावरचा विश्वास जातो. ते उघडपणे सांगून थांबवावे की मुकाट्याने, हे तिच्या मानसतज्ज्ञांना विचारून ठरवावे. तिने थेट विचारले तर मात्र खोटे बोलू नये. ‘घालत होते, काळजी वाटली म्हणून, आता तुला विचारल्याशिवाय काही घालणार नाही,’ इतके पुरे.

सणवार आणि नातेवाईक यांचा विचार आधीच करून ठेवावा लागतो. श्रावण, चतुर्थी, नवरात्र यांचे उपास हा या आजाराला मिळणारा सर्वांत प्रतिष्ठित आडोसा आहे, कारण उपास करणाऱ्या मुलीला घरात कोणी अडवत नाही, उलट कौतुक होते. येथे आजींची मोठी मदत होऊ शकते. आजारी माणसाला उपास लागू नाही हे आपल्या परंपरेत मान्यच आहे. ते थेरपिस्टने सांगण्यापेक्षा आजीने ‘यंदा तुझे उपास मी करते’ असे म्हटले तर ते मुलीला सहज स्वीकारता येते. गणपतीत येणाऱ्या पाहुण्यांपैकी कोणीतरी ‘किती वाळलीस गं’ म्हणणार, आणि ती सुधारू लागली की ‘आता अंगाने भरलीस’ म्हणणार. दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा जास्त घातक आहे. अशा वेळी उत्तर कोणी द्यायचे हे आधी ठरलेले असावे. बहुधा ते काम आपण घ्यावे आणि ‘तिच्या तब्येतीवर आज बोलायला नको’ असे सरळ सांगावे.

गोपनीयतेविषयी आपली नाराजी मी समजू शकते, पण कायदा येथे मुलीच्या बाजूने आहे आणि तो असाच असावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार सज्ञान व्यक्तीच्या उपचारांची माहिती गोपनीय असते. जिवाचा धोका वगैरे मोजकेच अपवाद आहेत. मात्र मानसतज्ज्ञांनी आपल्याला सांगण्यावर बंधन आहे, आपले ऐकून घेण्यावर नाही. घरात दिसलेली गोष्ट आपण त्यांना लिहून कळवू शकता, फक्त ते मुलीला माहीत असू द्यावे. याच कायद्याने तिला साध्या कागदावर आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत तिला साथ देणारी तिच्या पसंतीची व्यक्ती, नेमता येतो. ती बऱ्या मनःस्थितीत असताना हा विषय काढावा, आणि तिने आपल्याऐवजी आत्याचे किंवा मैत्रिणीचे नाव घातले तर मनाला लावून घेऊ नये. पुढे कधी प्रकृती इतकी ढासळली की तिला स्वतःचा निर्णय घेता येईनासा झाला, तर प्रतिनिधीच्या अर्जावरून आणि दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर तिला दाखल करण्याची तरतूद आहे. ती तरतूद शेवटच्या टोकाची आहे. ‘जेव, नाहीतर ॲडमिट करू’ अशी धमकी म्हणून तिचा वापर कधीही करू नये.

मुलीने एकत्र बैठकांना नकार दिला तरी आपले दार बंद होत नाही. लंडनच्या जॅनेट ट्रेझर यांनी नेमके अशाच घरच्यांसाठी प्रशिक्षण विकसित केले, ज्यात रुग्ण समोर नसतानाही काळजी घेणाऱ्यांनी आपले वागणे बदलायचे असते. आजाराच्या भीतीने घर किती वाकले आहे, हे त्यात आधी पाहिले जाते. तिच्यासाठी बिनतेलाची वेगळी भाजी होते का, ओट्यावर वजनकाटा आला आहे का, ‘बाहेर जेवायला नको’ म्हणून आजीचा वाढदिवसही घरातच होतो का? यांपैकी एकच गोष्ट निवडावी, तिच्या मानसतज्ज्ञांना कळवावी, आईवडिलांनी मिळून तिला आठवडाभर आधी शांतपणे सांगावी आणि मग पाळावी. पहिले काही दिवस आदळआपट होईल. त्या वेळी एकाने माघार घेतली आणि दुसऱ्याने ताणून धरले तर आधीपेक्षा बिघडते; म्हणून दोघांना झेपेल तीच गोष्ट निवडावी, भले ती क्षुल्लक वाटो.

आजारी व्यक्ती विवाहित असेल तर आईवडिलांपेक्षा जोडीदाराला सोबत घेणे श्रेयस्कर. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात सिंथिया ब्युलिक आणि सहकाऱ्यांनी खास जोडप्यांसाठी उपचार विकसित केले आहेत. सासरच्या किती जणांना आजार सांगायचा, हे तिचे तिने ठरवावे. बुलिमिया (खूप खाऊन मग उलट्या वगैरे करून ते बाहेर काढण्याचा आजार) किंवा अतिखाण्याचा विकार असेल तर दिवाळीच्या फराळाचे डबे कुलपात ठेवणे, बाथरूमची कडी काढून टाकणे असले उपाय आधी बंद करावे लागतात, कारण लपवाछपवी वाढली की खाण्याचे झटकेही वाढतात. त्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

आता तिसरा प्रश्न. थेरपिस्टला भेटावे का? जरूर भेटावे. पहिल्या फोनवर त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात: सज्ञान व्यक्तींच्या आहारविकारावर काम केले आहे का, मुलीच्या मानसतज्ज्ञ व फिजिशियन यांच्याशी तिच्या संमतीने संपर्क ठेवणार का, आणि तिने येण्यास नकार दिल्यास फक्त आईवडिलांबरोबर काम करतील का. खासगी फी परवडणारी नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सुरुवात करता येते, आणि रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. तो क्रमांक फक्त तिच्यासाठी नाही, आपल्यासाठीही आहे.

पण तिला न सांगता भेटू नये. जेवणाची वेळ सोडून, दोघांनी मिळून तिला सांगावे: ‘आम्हाला तुझ्याशी कसे वागावे ते कळत नाही, ते शिकायला आम्ही जाणार आहोत. तुझ्याविषयी तक्रार करायला नाही. तू आलीस तर बरे वाटेल, नाही आलीस तरी आम्ही जाऊ. तिथे कशाबद्दल बोलू नये असे तुला वाटते, ते आम्हाला लिहून दे.’ ती चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. तरीही ती यादी मागावी, आणि तिने दिली तर ती पाळावी.